हिमोग्लोबिन ठीक, तरी लोह संपलेलं

2017 साली माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, गुडघ्यांवरचा भार उतरला, शाळेचे दोन जिने मी न थांबता चढू लागले. आजही हाच निर्णय घेईन. पण या शस्त्रक्रियेबरोबर एक काम जन्मभरासाठी मागे लागतं, रक्तातलं लोह आणि जीवनसत्त्वं सांभाळण्याचं. किती किलो उतरले हे सगळे विचारतात, याबद्दल कुणी विचारत नाही.

बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आतड्याचा जो सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो, लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. त्यात पोटातलं आम्लही कमी पडतं. बी-12 ची गोष्ट आणखी फसवी. ते शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, ते अन्नाला पुरेसं भेटत नाही. यकृतातला जुना साठा मात्र काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला सगळं छान वाटतं. आमच्यासारख्या शाकाहारी घरात तो साठा मुळातच बेताचा असतो.

गोळ्या मी नेमाने घेत होते. दर वर्षी हिमोग्लोबिन तपासलं जायचं, ते 12 च्या आसपास यायचं आणि ‘ठीक आहे’ म्हणून कागद फाइलला लागायचा. तरी तिसरं वर्ष सरता सरता दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभं राहवेना. विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले. आणि बर्फ! रात्री ट्रे भरून ठेवायचा आणि सकाळी चहाच्याही आधी कडाकडा चावून संपवायचा, ऐन थंडीतसुद्धा. शिकवता शिकवता मन त्या ट्रेकडे धावायचं. ‘अगं, दात जातील,’ असं हे म्हणायचे. घरात सगळ्यांना ती एक सवय वाटली.

आहारतज्ज्ञ बाईंपुढे बर्फाचा विषय सहज निघाला. त्यांनी वजनाचा तक्ता बाजूला सारला, माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, ‘फेरिटिन कधी केलंय?’ कधीच केलं नव्हतं. ते आलं 6. हिमोग्लोबिन म्हणजे ओट्यावरच्या डब्यातले तांदूळ आणि फेरिटिन म्हणजे कोठी. डबा भरलेला दिसत होता, कोठी रिकामी झाली होती. बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावंसं वाटणं ही लोह कमी झाल्याची जुनी ओळखलेली खूण आहे. माझ्या लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुली वर्गात असायच्या. त्यांना मार मिळायचा, रक्त कुणी तपासलं नाही. त्या मला आता फार आठवतात.

पाळीचा रक्तस्राव जास्त आणि शोषण अर्धवट, म्हणून गोळ्यांनी कोठी भरेना. मग शिरेतून लोह दिलं. बाटलीतलं ते गडद तपकिरी पाणी नळीतून उतरताना सिस्टर पुनःपुन्हा सुईची जागा पाहत होत्या. शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर डाग राहतो, म्हणाल्या. काही दिवसांतच बर्फाची ओढ गेली. थकवा जायला बराच वेळ लागला.

आता माझा दिवस गोळ्यांच्या वेळांवर चालतो. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर. चहा-कॉफीही लोहाला अडवते, त्यामुळे सकाळच्या चहाला उठून उभं राहणारं आमचं घर मला वेगळ्या घड्याळावर आणावं लागलं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम सायट्रेटचं, कारण त्याला आम्ल लागत नाही, आणि तेही दिवसातून विभागून. पाळी सुरू असलेल्या बाईला बायपासनंतर रोज साधारण 45 ते 60 मिलिग्रॅम मूळ लोह लागतं. गोळीच्या पाकिटावर मोठा आकडा अनेकदा क्षाराचा असतो, मूळ लोह किती ते शोधून वाचावं लागतं.

सासूबाई मायेने म्हणतात, ‘गूळ-शेंगदाणे खा, बीट खा.’ त्यांची माया खरी आहे, पण बिटाचा लाल रंग म्हणजे रक्त नव्हे, आणि बायपास झालेल्या पोटात एकदम गूळ गेला की छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो. एकादशीची साबुदाणा खिचडी मी सोडली. इतक्याशा पोटात जे मावतं त्यात आधी प्रथिनं जायला हवीत.

ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हायची आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. दर वर्षी फेरिटिन, बी-12, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड यांच्या तपासण्या मागून घ्या. वजन स्थिरावलं, दहा वर्षं झाली, तरी घ्या. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. बी-1 चा साठा शरीरात जेमतेम काही आठवडे पुरतो आणि तो संपला तर नसांना, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि तुमची बायपास झाली आहे हे सगळ्यात आधी सांगा.