चुन्याखालच्या रेघा

नव्या तऱ्हेचे रंग जुन्या चुन्यावर टिकत नाहींत. चुन्याचा पापुद्रा सुटला कीं रंगही त्याच्याबरोबर गळतो. म्हणून भिंत आधीं लोखंडी पट्टीनें खरवडून घ्यावी लागते. पुण्यांतील आमच्या विटामातीच्या जुन्या घरीं हें काम निघालें, तेव्हां आम्हांस त्यांत धुळीवांचून दुसरें कांहीं दिसत नव्हतें.

वरचा पिवळा डिस्टेंपर गेला, त्याखालीं नीळ घातलेला चुना निघाला. त्याच्याही खालीं मोरचुदाची हिरवट झांक, आणि जमिनीलगत गेरूचा पट्टा. चुनखडी भाजून केलेला चुना पाण्यांत विरवून भिंतीला लावला, म्हणजे तो हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो. आमचीं वडीलमाणसें दर दिवाळीला भिंतीवर दगडाचा एक पातळ पदर चढवीत असत म्हणावयाचें! हा पदर झांकतो, पुसत नाहीं. इंग्लंडांत स्ट्रॅटफर्ड येथील गिल्ड चॅपेलमधलीं धार्मिक भित्तिचित्रें विद्रूप करण्यापायीं २ शिलिंग खर्ची पडल्याची नोंद नगराच्या १५६३-६४ च्या हिशोबांत आहे. तो हिशोब तेव्हां शेक्सपिअरच्या वडिलांकडे असे. चुना फासलेलीं तीं चित्रें १८०४ सालीं पुन्हा उजेडांत आलीं.

आमच्या माजघरांत चित्रें कोठलीं असणार? स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं निघाल्या त्या कोळशाच्या रेघा. चार उभ्या, पांचवी आडवी; अशा ओळींवर ओळी. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. दुधाच्या रतिबाचा हिशोब ती भिंतीवर ठेवी, हें आम्ही ऐकून होतों. पण मध्येंच एके ठिकाणीं रेघा निम्म्या आंखूड होतात आणि तीन ओळी तशाच चालतात, याचा उलगडा आम्हांस होईना.

तो आत्याबाईंनीं केला. "त्या वर्षीं दादांची नोकरी सुटली होती. रतीब अर्धा केला. आम्हां मुलांच्या वाट्याचें दूध कमी झालें नाहीं. आई म्हणे, मला चहा आवडत नाहीं." मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "तिनें आपल्या हातानें चुन्याखालीं घातलें, तें तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला दाखविणार? खरवडून टाका."

घरांत दोन तट पडले. मुलांना रेघांवर कांच बसवावयाची होती. आत्याबाईंचें म्हणणें आम्हांस अधिक पटत होतें, परंतु खरवडलेलें परत येत नाहीं. रंगारी पट्टी घेऊन खोळंबला होता आणि त्याची मजुरी चालूच होती.

अखेर तेवढा हातभर तुकडा सोडून बाकीची भिंत रंगविली, आणि त्या तुकड्यावर पुन्हा साधा चुनाच दिला. रंगाऱ्यास हें मुळींच रुचलें नाहीं. तेवढी जागा वेगळी दिसते, हें त्याचें म्हणणें खरें आहे. शिवाय तेथें टेकलें तर पाठ पांढरी होते.