कुलूप

मागच्या आषाढात आईच्या भजनी मंडळाला एका मराठी वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात बोलावलं होतं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यात मंडळाच्या वाट्याला सात मिनिटं, आणि आईचा एकटीचा चेहरा पडद्यावर दिसतो तो साधारण अकरा सेकंद. मी तेव्हा पुण्यात ऑफिसच्या स्टँडअपमध्ये होतो. बाबांचा मेसेज आला, 'लागलं आहे, बघ.' मी अंगठा पाठवला. रेकॉर्ड होतंच आहे, दिवाळीत घरी गेलो की बघू.

दिवाळीत गेलो तेव्हा ते रेकॉर्डिंग नव्हतं.

आमच्या सांगलीच्या घरी रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स आहे. चार वर्षांपूर्वी बाबांनी हौसेने घेतला आणि मागे हार्ड डिस्क जोडली. त्याच्या मेनूबद्दल मला इथे जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझा धंदाच तो आहे. मी मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन बनवतो.

मेनू उघडला की सात चौकोन येतात. त्यातल्या तिसऱ्यावर लिहिलंय 'लवकरच येत आहे'. चार वर्षं येतंय. सेटिंग्जमध्ये खाली खाली गेलं की एक ओळ अशी आहे जिच्यात काहीच लिहिलेलं नाही, नुसती निळी पट्टी. तिच्यावर ओके दाबलं की बॉक्स काही न बोलता आपल्याला पुन्हा बातम्यांवर आणून सोडतो. दुसऱ्या एका ओळीत 'एसटीआर_आरईसी_०७' असं काहीतरी छापलंय. बाबांना वाटायचं तो मॉडेल नंबर आहे. तो खरं तर आम्हा लोकांचा आतला व्यवहार. प्रोग्रॅममध्ये वाक्य थेट लिहीत नाहीत, त्याला एक नाव देतात, आणि त्या नावासमोर प्रत्येक भाषेतलं वाक्य एका यादीत भरतात. यादी भरायची राहिली की पडद्यावर नुसतं नाव उरतं.

भाषा मराठी केली तर आणखी मजा. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती क च्या नंतर साठवलेली असते. चित्र काढताना तिला उचलून पुढे आणणं हे अक्षरं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. आमच्या बॉक्समध्ये ते काम कुणी केलेलंच नाही, त्यामुळे सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या चुकीच्या अक्षराला लटकलेल्या असतात. आईने दोन दिवस वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "इंग्रजीच कर बाबा, ते निदान येत नाही हे माहीत तरी आहे."

बाबांनी यावर उपाय म्हणून एक वही केली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, मशिन अडलं म्हणून थांबणार नाही. वहीत असं आहे: 'मेनू. उजवीकडे २ वेळा. ओके. पाचपर्यंत मोजणे (दोनदा दाबू नये, उलटं होतं).' 'रात्री मॅच असेल तर मेन बटण बंद करू नये.' 'निळी रिकामी ओळ — जाऊ नये.' बॉक्सबरोबर आलेल्या पुस्तिकेपेक्षा ही वही शंभर पटीने बरी आहे. मी आजवर कामात इतकं नेमकं डॉक्युमेंटेशन लिहिलेलं नाही.

तर, डिस्क भरली की बॉक्स सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आपणहून पुसतो. एखादं राखायचं असेल तर 'प्रोटेक्ट' नावाचा पर्याय आहे. तो दाबला की नावाशेजारी छोटं पिवळं कुलूप येतं. बाबांनी आषाढातच ते लावलं होतं. वहीत तारखेसकट नोंद आहे आणि पुढे लिहिलंय, 'कुलूप आले. खात्री केली.'

मी काय केलं? मी बाबांवर चढलो. नीट दाबलं होतं का, दुसऱ्याच कशाला लावलं असेल, मुळात रात्री मेन बटण बंद का करता, अपडेट रात्रीच येतात. यातलं शेवटचं खरं आहे. असे बॉक्स स्टँडबायवर असताना डिशवरूनच नवीन सॉफ्टवेअर घेतात आणि आमच्या घरी वीज वाचवायला रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद होतं. बाबा ऐकत राहिले. मग आई आतून म्हणाली, "अरे, आम्हीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल. जाऊ दे."

हे वाक्य मी ओळखतो. डॉन नॉर्मन यांचं रोजच्या वस्तूंच्या डिझाइनवरचं १९८८ सालचं पुस्तक आमच्या क्षेत्रात बहुतेकांनी निदान चाळलेलं असतं. वस्तू वाईट बनवलेली असते आणि माणूस स्वतःला दोष देतो, हे त्यात चांगलं समजावलंय. मी त्यावर ऑफिसात प्रेझेंटेशनही दिलंय. घरी मात्र मी बाबांचीच उलटतपासणी घेत होतो.

रात्री सगळे झोपल्यावर मी बसलो. एका जुन्या मॅचला कुलूप लावलं. आलं. मेनू बंद करून परत उघडला, कुलूप आहे. मग भिंतीवरचं बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, चालू केलं. कुलूप गेलं होतं.

परत केलं. परत गेलं. म्हणजे कुलूप डिस्कवर कुठे लिहिलंच जात नव्हतं. बॉक्स चालू असेपर्यंत त्याच्या तात्पुरत्या आठवणीत राहायचं, वीज गेली की संपलं. ते कुलूप नव्हतं, कुलपाचं चित्र होतं. बाबांनी लावलं, खात्री केली, आणि त्याच रात्री नेहमीसारखं बटण बंद केलं. तीन रात्री बॉक्स चालू ठेवून अपडेटही घेतलं. आवृत्तीचा आकडा बदलला, 'लवकरच येत आहे'चा रंग बदलला. कुलूप तसंच. रेकॉर्डिंग दुसरीकडे काढून ठेवायची सोयही नव्हती. ती त्या बॉक्सच्याच किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असतात, लॅपटॉपवर फाइल दिसते, पण चालत नाही.

मला त्या अनोळखी इंजिनिअरचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला तो दिवस दिसत होता. शुक्रवार, सोमवारी डेमो. स्क्रीन तयार, सेव्ह करणारा भाग दुसऱ्या टीमकडे. तोवर बटण दाबलं की चित्र तरी बदलू दे.

पुण्याला परतल्यावर मी आमचा कोड उघडला. आम्ही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवतो. त्यात 'आदल्या दिवशी एसएमएसने आठवण पाठवा' असं एक स्विच आहे. सरकवलं की हिरवं होतं. खाली कोडमध्ये टू-डू: एपीआय आली की जोडणे. एपीआय आली नाही. ती ओळ माझ्या नावावर आहे, चौदा महिने जुनी. ते स्विच हिरवं करून किती जण निर्धास्त झोपले, हे कळायला मार्ग नाही, कारण ते कुठे साठवलंच जात नव्हतं.

मी स्विच काढून टाकावं असं तिकीट टाकलं. मॅनेजर म्हणाला, काढलं तर स्क्रीन रिकामा दिसेल, पुढच्या स्प्रिंटला जोडूया की. मी म्हटलं, जोडेपर्यंत लपवूया. दोन मीटिंगा झाल्या. लपवलं.

बाबांना फोन करून कुलपाचं सांगितलं. तुमची चूक नव्हती, असंही म्हणालो, जरा अडखळत. ते म्हणाले, "थांब, लिहून घेतो." मग पेन शोधायचा आवाज आला.

या आषाढात मंडळाला परत बोलावणं आलं. मी सुट्टी काढून गेलो. बाबांनी बॉक्सवर रेकॉर्डिंग लावलं होतं, वहीप्रमाणे, आणि शिवाय स्वतः टीव्हीसमोर मोबाइल धरून उभे राहिले. त्या व्हिडिओत टीव्हीच्या काचेवर आमची ट्यूबलाइट दिसते, मधेच कुकरची शिट्टी होते, आणि आईचा चेहरा येतो तेव्हा बाबा पुढे सरकतात, म्हणून तो अर्धाच येतो. मागून माझा आवाज आहे, "बाबा, मागे, मागे." ती फाइल आम्ही चार ठिकाणी ठेवलीय.