जुना संगणक आणि धानाचं बियाणं

आमच्या देवरीच्या शाळेतला जुना संगणक भंगारात निघाला होता. लिनक्स मिंट टाकलं, अन् तो पुन्हा सुरू झाला. तेही फुकटात!

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. त्यावर १९९३ मध्ये डेबियन सुरू झालं, डेबियनवरून २००४ मध्ये उबुंटू आलं आणि उबुंटूवरून मिंट. आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ही डेबियनवरचंच, त्यात मराठीही आहे. शेजाऱ्याकडून धानाचं बियाणं आणून आपण आपल्या बांधीला मानवेल तसं निवडत जातो ना, अगदी तसंच!

एका मुलीने विचारलं, “सर, यात गोंडी येईल का?”

म्हटलं, “येईल. कोणाची परवानगी नको, फक्त शब्द हवेत.”

घरी गोंडी बोलणाऱ्या पालकांनो, द्याल ना शब्द?