मूठ मिट बघू

चाकणच्या कारखान्यातून आलेला तरुण ऑपरेशनच्या टेबलावर टक्क जागा आहे. यंत्रात हात पिळवटला आणि अनामिकेच्या मुळाशी, तळहातातलं हाड तिरकं चिरलं. भूल फक्त हाताला दिली आहे. लिडोकेनमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलंय, त्यामुळे दुखत नाही, रक्तही बेताचंच येतं आणि दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी ही पद्धत जगभर रुजवली. शेवटचा स्क्रू बसला, की सर्जन म्हणतात, "मूठ मिट बघू."

तो मिटतो. अनामिका मधल्या बोटावर चढत नाही. सर्जन मान डोलावतात.

खरी परीक्षा ही. या हाडात पाच अंशांचा पीळ राहिला, तरी मूठ मिटताना बोटाचं टोक दीडेक सेंटिमीटर शेजारच्या बोटावर सरकू शकतं. सरळ ठेवलेल्या हाताच्या एक्स-रेत तो पीळ सहज निसटतो. मुठीत मात्र लपत नाही.

काम अगदी बारीक. मांडीच्या हाडाला साडेचार मिलिमीटरचे स्क्रू लागतात; बोटाच्या पेराला दीड-दोन मिलिमीटरचे. ड्रिल जरा डगमगलं की भोक मोठं होतं, स्क्रू नुसता फिरत राहतो आणि तेवढ्या हाडात दुसरं भोक पाडायला जागा कुठली? हाड तापू नये म्हणून सलाइनची धार सोडत राहायची. फरशीवर पडलेला स्क्रू शोधायच्या फंदात पडायचं नाही, दुसरा मागायचा!

हाडाला धातूची पट्टी लावायची कल्पना जुनीच. हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी 1886 साली ती मांडली. पुढे 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्जनांनी 'एओ' हा गट स्थापला. हाड इतकं पक्कं बांधायचं की सांधा लगेच हलवता यावा, हा त्यांचा आग्रह. बोटांना त्याची सर्वांत जास्त गरज आणि बोटंच त्याची किंमत मोजतात. पेराच्या पाठीवर मांस नसतंच. पातळ कातडी आणि तिच्याखाली हाडाला लगटून सरकणारा चपटा टेंडन. त्याच्या वाटेत प्लेट आली की तो चिकटतो.

या तरुणाचे सर्जन हे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी बाईंच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर प्लेट बसवली. एक्स-रे भिंतीवर लावावा असा. बोट मात्र काठीसारखं ताठ. पुढे प्लेट काढून टेंडन मोकळा केला, तेव्हा थोडी हालचाल परतली. बाई एक्स-रेकडे बघून म्हणाल्या होत्या, "हाड छान दिसतंय हो, पण सुई धरता येत नाही." तेव्हापासून ते शक्य तिथे प्लेट पेराच्या कुशीतून सरकवतात. किर्शनर यांच्या नावाच्या तारेवर भागत असेल, तर प्लेटचा डबा उघडतही नाहीत. भिंतीवर ठोसा मारून करंगळीमागचं हाड मोडून घेणारे बहुतेक वीर तर पट्टी बांधूनच घरी जातात. "प्लेट टाकूनच द्या," असं नातेवाईक हटून बसतात, तो भाग वेगळा.

या तरुणाची बोटं दोन-तीन दिवसांत हलवायला लागतील. त्याची चांदीची अंगठी तेवढी गेली. सुजेत रुतली होती, कटरनं कापावी लागली. बोटाला मार लागला, तर हाड मोडलंय का ते दवाखान्यात बघतील. अंगठी मात्र तिथल्या तिथे, सूज चढण्याआधी काढा.