अठरावं कलम

पुणे, रविवार

प्रिय भाचीबाई,

तुमच्या भागीदारीपत्राचा मसुदा काल रात्री निवांत वाचला. तीन मैत्रिणी मिळून ठाण्यात ऑफिस काढताय, तेही चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडून, याचं कौतुक समोरासमोर करीन. सध्या भांडण आहे ते अठराव्या कलमाशी. ‘साथरोग अथवा तत्सम कारणाने कामात घट झाल्यास त्या प्रमाणात कर्मचारी व ज्युनिअर वकील यांच्या मानधनात कपात करण्यात येईल.’ हे वाक्य तुझं नाही, कुठल्या तरी तयार नमुन्यातून उचललेलं दिसतंय. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, ‘मावशी, कोरोनात तुम्ही कसं निभावलंत?’ त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही. आणि तुला आठवायचं काही कारणही नाही, तू तेव्हा परीक्षा ऑनलाइन होणार की होणारच नाहीत या विवंचनेत होतीस.

काम आटलं ते कोर्टं बंद पडली म्हणून, असं सगळे सांगतात. कोर्टं पूर्ण बंद कधीच नव्हती. रिमांड, जामीन, तातडीचे मनाई अर्ज चालू होते, फौजदारीवाले कसेबसे तग धरून होते. आम्हा दिवाणीवाल्यांचं कंबरडं मोडलं ते मुदतीमुळे. लॉकडाऊन लागायच्या दोनच दिवस आधी, २३ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आपणहून आदेश काढला की १५ मार्चपासून दावे-अपिलांच्या मुदती वाढवल्या आहेत. आदेश योग्यच होता. पोलीस चौकाचौकात काठ्या घेऊन उभे असताना माणसाने अपील दाखल करायला यायचं कसं? पण वकिलाचं पोट मुदतीवर चालतं, हे लॉ कॉलेजात कोणी सांगत नाही. ‘मॅडम, चारच दिवस उरलेत’ म्हणत धापा टाकत आलेला पक्षकार फीची घासाघीस करत नाही. ती घाईच संपली. वाढवलेली मुदत मागे-पुढे होत थेट २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत ताणली गेली. मधल्या काळात दावा लावायचा का विचारलं, की ‘बघू’.

बाकीचे दरवाजेही एकेक करून लागले. चेक न वटल्याच्या नोटिशीला मुदतीचा धाक असतो, तो मे महिन्यातल्या आदेशाने गेला. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली, म्हणून बँकांची वसुली थंडावली. दिवाळखोरी कायद्यात २५ मार्चनंतरच्या थकबाकीवर अर्जच करायचा नाही असं ठरलं आणि ते वर्षभर टिकलं. लोकांना दिलासा देणारा प्रत्येक हुकूम आमच्या टेबलावरून एकेक फाइल उचलून नेत होता. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवणारा माझा एक मित्र म्हणाला, रस्त्यावर गाड्या नाहीत म्हणून माणसं मरत नाहीत, आता याला वाईट तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

यात भर पडली आपल्या फी घेण्याच्या पद्धतीची. फी ठरते एकरकमी, पण येते तुकड्यातुकड्याने, आणि तो तुकडा येतो तारखेच्या दिवशी. शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा व्हायच्या आधी पक्षकार बाजूला घेतो, शर्टाच्या आतल्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढतो आणि ‘बाकीचं पुढच्या तारखेला’ म्हणतो. पुढची तारीखच नसेल तर? माझ्या डायरीतला ‘बाकी’चा रकाना त्या वर्षी पानोपानी भरत गेला. तुझ्या आधीच्या फर्मसारख्या मोठ्या ठिकाणी कंपन्यांची बांधलेली फी असते. तिथेही पगार कापले गेले, बढत्या पुढे ढकलल्या गेल्या, पण दिवे चालू राहिले. सरकारने हमीवर बिनतारण कर्जाची योजना काढली, ऑगस्टमध्ये त्यात वकील-डॉक्टरही आले. ते कर्ज कोणाला? ज्याचं व्यवसायाचं कर्ज आधीपासून चालू आहे त्याला, तेही त्या कर्जाच्या वीस टक्के. बँकेच्या दारात कधी उभंच न राहिलेल्या माझ्यासारखीला वीस टक्के कशाचे मिळणार?

फोन मात्र अखंड वाजत होता. एप्रिलमध्ये पेठेतल्या साडीवाल्यापासून चाकणच्या कारखानदारापर्यंत प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती, ते ‘फोर्स मेजर’. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी लिहिलेलं की करार कलम ५६ खाली आपोआप रद्द होतो. मी सांगून दमले की इतकं सोपं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच पोलाद आयात करणाऱ्यांना सुनावलं होतं की लॉकडाऊन काही काळापुरता आहे, तेवढ्याने विकणाऱ्याचे पैसे अडवता येणार नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मे महिन्यात खान मार्केटमधल्या भाडेकरूला भाडं लांबवायची मुभा दिली, माफ नाही केलं. एका घरमालक पक्षकाराला मी हे सगळं ठणकावून लिहून दिलं, आणि त्याच संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या मालकांना हात जोडून पत्र लिहिलं की तीन महिने निम्मं भाडं घ्यावं. त्यात एकही निवाडा नव्हता. त्यांनी घेतलं.

फोनवरच्या सल्ल्याला आपल्याकडे कोणी पैसे देत नाही, हे तू जाणतेसच. म्हणून मी एक नियम केला. बोलणं फुकट, पण हवं असेल तर एका पानात लेखी मत, खाली सही-शिक्का, सोबत छोटं बिल आणि पैसे टाकायचा नंबर. रक्कम इतकी कमी ठेवली की नाही म्हणायला माणसाला लाज वाटावी. त्यावर वीजबिल आणि क्लार्ककाकांचा पगार निघाला. बऱ्याच जणांना बिल पाठवणं कमीपणाचं वाटलं, ते उन्हाळाभर फुकट बोलत राहिले.

मग सप्टेंबर आला आणि जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं. राज्य सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांनी. साठ लाखांच्या फ्लॅटवर एक लाख ऐंशी हजार वाचतात म्हटल्यावर पुणेकर मास्क लावून घराबाहेर पडला! दुय्यम निबंधकाच्या दारात रांगा लागल्या. टायटल सर्च, करारनामे, जुन्या हक्कसोडपत्रांची शोधाशोध, सगळं एकदम अंगावर आलं. ३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरून सह्या करायच्या आणि नोंदणी पुढच्या चार महिन्यांत, ही वाट कळल्यावर तर वर्षाचा शेवटचा आठवडा आम्ही ऑफिसातच जेवलो. आयुष्यभर उलटतपास घेतलेली मी इंडेक्स टूच्या उताऱ्यांवर रात्री जागवत होते. कोर्टातले काही ज्येष्ठ नाक मुरडत म्हणाले, हे काय वकिलाचं काम? पण वाद चालवायचे थांबले असतील तर जिथे कागद तयार होतायत तिथे जाऊन बसावं, एवढं मला तेव्हा समजलं, आणि छोट्या ऑफिसला याहून मोठी युक्ती मला आजही माहीत नाही.

तसंच मृत्युपत्रांचं. आधी लोक हा विषय निघाला की अशुभ म्हणून कान झाकायचे. आता स्वतःहून फोन करू लागले. कोथरूडच्या एका सोसायटीत ऐंशी पार केलेलं जोडपं होतं, मुलगा परदेशात अडकलेला, आणि परक्या माणसाला वर घरात येऊ द्यायला दोघंही तयार नव्हते. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याची सही पाहिलेली हवी, निदान त्याने ती आपलीच असल्याचं त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्यांच्या सह्या त्याच्यासमोर व्हायला हव्यात. कॅमेऱ्यावर भागवायची जोखीम मला घ्यायची नव्हती. म्हणून पार्किंगमध्ये कॅरमचा स्टँड मांडला. आजोबा लिफ्टने खाली आले, सही करून चार पावलं मागे सरले. तळमजल्यावरचे डॉक्टर पुढे आले, सही करून मागे. मग सेक्रेटरी. प्रत्येकाचं पेन आपापलं. नंतर तोच खेळ आजींच्या मृत्युपत्रासाठी. आजी मध्येच म्हणाल्या, ‘अहो, पाटल्या धाकटीला लिहिल्यात ना?’ लिहिल्या होत्या. तरी तेवढं पान पुन्हा वाचून दाखवायला लावलं.

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर जे काम आलं त्याबद्दल फार लिहवत नाही. वारस दाखले. तुला माहीत असेल, आपल्याकडे ते अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली होतात. तिशीतल्या मुली मंगळसूत्र काढलेल्या गळ्याने समोर बसायच्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुकं आणि हॉस्पिटलचं बिल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यांना बँकेच्या खिडकीवर कळलेलं असायचं आणि सासरच्यांना आधीच. त्या कामाची फी घेतली, कारण ऑफिस चालवायचं होतं. काही जणींकडून नाही घेतली. कोणाकडून घ्यायची हे कसं ठरवलं, ते मलाही धड सांगता येणार नाही.

आता तुझं अठरावं कलम. काम आटलं तेव्हा सगळ्यात आधी कोण घरी गेलं? ज्युनिअर. ‘कोर्ट सुरू झालं की ये’ असा फोन, बस्स. बीड, लातूर, सोलापूरकडची कितीतरी मुलं खोलीचं भाडं परवडेना म्हणून गावी परतली. त्यातली काही परत आलीच नाहीत, चांगली मुलं होती. त्यांना दुसरं काही करायचीही सोय नव्हती. बार काउन्सिलच्या नियमांनी वकिलाला धंदा करता येत नाही, पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, स्वतःची जाहिरातही करता येत नाही. गुजरातच्या बार काउन्सिलने जूनमध्ये ठराव केला की वर्षअखेरपर्यंत वकिलांना दुसरं काम करू द्यावं. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि म्हटलं की नियमांनीच वकिलाची कमाई या एका व्यवसायाला बांधून टाकली आहे. माझं म्हणणं यापेक्षा साधं आहे. ज्याला आपण दुसरीकडे चार पैसे मिळवू देत नाही, त्याच्या मानधनाला पहिली कात्री लावायचा अधिकार आपल्याला नाही. कामात घट झाली की पहिली कपात भागीदारांच्या उचलीत, तीही पार शून्यापर्यंत. मग भाडं, गाडी, पुस्तकांची वर्गणी. ज्युनिअर आणि क्लार्क सगळ्यात शेवटी.

मी हे देवपणाने केलं असं समजू नकोस. तुझ्या काकांचं पेन्शन होतं म्हणून माझी उचल शून्यावर आणणं जमलं, तुम्हा तिघींना घरचे हप्ते आहेत. शिवाय तो हिशेब फायद्याचाही निघाला. सप्टेंबरात गर्दी उसळली तेव्हा माझ्याकडे माणसं होती. क्लार्ककाकांची निम्मी कमाई नकलांच्या अर्जांवर आणि पक्षकारांच्या चहापाण्यावर चालायची, ती साफ बुडाली होती. घरी बसल्या बसल्या साठीच्या वयात ते ई-फायलिंग शिकले. पीडीएफला ‘पेडीफ’ म्हणत, पण उच्च न्यायालयात दाखल केलेला एकही कागद त्यांच्या हातून परत आला नाही. त्याच्या जोरावर जी प्रकरणं मी एरवी मुंबईच्या वकिलाकडे सोपवून मोकळी झाले असते, ती पुण्यात बसून व्हिडिओवर स्वतः चालवली. कोट-गाऊनची सक्तीही तेव्हा उठवलेली होती, पांढरी साडी आणि बँड पुरे. खाली पायात स्लिपर, हे न्यायमूर्तींना दिसत नव्हतं.

तर कलम असं लिही. दरमहा जमा होणाऱ्या फीतला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा, त्यात सगळ्या पगारांची सहा महिन्यांची तरतूद होईपर्यंत कोणाही भागीदाराने नफा वाटून घ्यायचा नाही. त्या खात्यातून फक्त पगार. उचल कमी करायचा क्रम आकड्यांत मांडा, ‘परस्पर संमतीने’ असं मोघम काही नको. संकटात संमती होत नसते, दावे चालवून एवढं तर मला कळलंय. तुझ्या मसुद्यात तांबड्या शाईने केलेल्या दुरुस्त्या सोबत आहेत. सातव्या कलमात निवृत्त होणाऱ्या भागीदाराची थकीत फी कोणाची, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. ते तिघी एकत्र बसून ठरवा, माझ्यावर सोपवू नका.

आणि फर्मची नोंदणी आधी करून घे. बिननोंदणीच्या भागीदारीला कलम ६९ आड येतं, उद्या एखाद्या कंपनीने फी बुडवली तर दावासुद्धा लावता यायचा नाही. अर्ज याच महिन्यात जाऊ दे.

तुझी,
मावशी