गुणांक एक, त्रुटी दोन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती नोंदली गेली. एका गावातील कुटुंबे अनेक बाबतींत परस्परांसारखी असतात. त्यांना स्वतंत्र मानल्यास प्रमाण त्रुटी बहुधा वास्तवाहून लहान दिसते आणि निष्कर्ष उगाच ठाम भासतो. म्हणून विद्यार्थी गावांचे समूह धरून त्रुटी काढतो. ‘आर’ या मुक्तस्रोत संगणकभाषेत त्यासाठी अनेक साधने आहेत. सूत्र न सांगितल्यास साध्या रेषीय प्रतिमानासाठी ‘सँडविच’ एचसी१ दुरुस्ती लावते, तर ‘एस्टिमेटर’ सीआर२. गुणांक तोच राहतो, त्रुटी बदलते. एका जिल्ह्यापुरतीच गावे मोजकी असली, तर हा फरक निर्णायक ठरू शकतो. तेव्हा मनाजोगते उत्तर देणारे साधन निवडण्याचा मोह होतो. उत्तर पाहण्यापूर्वीच सूत्र ठरवणे आणि ते साधनाच्या आवृत्तीसह नोंदवणे, हीच संशोधकाची सचोटी.