एडनचा कैदी आणि गोपिकाबाई

पोलादपूरहून महाडमार्गे पनवेलला येताना पळस्प्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. आई आजारी, तरी रजा नाही. हे आम्हा नोकरदारांना सांगावं लागत नाही. १८७९ साली बंडाबद्दल जन्मठेप झाली. अंदमान नव्हे, एडन! तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले, पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले.

मी मात्र गोपिकाबाईंना शोधत राहतो. त्यांची दुसरी बायको. शिकलेल्या बाईकडे लोक वाकडं बघत, त्या काळात फडक्यांनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं. फडक्यांच्या अटकेची, शिक्षेची, मृत्यूची नोंद सरकारने ठेवली. गोपिकाबाईंच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द दिसतो: पत्नी.